धक्क्यावर सावली हवी

बायको : उभं राहून कशाला बोलताय? मी म्हणजे काही सभा नाही.

न्हावी : उद्या संध्याकाळी नगरपालिकेत उभं राहूनच बोलायचंय. गळ टाकणाऱ्यांसाठी नवा धक्का बांधतायत. साहेब म्हणाले, तिथे काय काय सोयी हव्यात ते रोज येणाऱ्यांपैकी कुणीतरी येऊन सांगा. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

बायको : तुमच्याकडे? तुम्ही आजवर एकही मासा घरी आणलेला मला आठवत नाही.

न्हावी : म्हणूनच तर. बाकीच्यांना मासे धरायचे असतात, त्यांना सभेला वेळ कुठला? मी रिकामटेकडा. शिवाय जातिवंत न्हावी, तोंडाचा पट्टा चालणार याची सगळ्यांना खात्री.

बायको : बरं, बोला. माझं शिवण मात्र थांबणार नाही.

न्हावी : (घसा खाकरून) तर मंडळी, सगळ्यात आधी सावली हवी. धक्क्यावर छप्पर घाला.

बायको : तुम्हाला सावली? जन्मभर भर उन्हात बोडक्यानं हिंडलात.

न्हावी : मग बाक. पाठ टेकता येईल असे. दोघं बसतील एवढे.

बायको : दोघं कशाला? शेजारी कुणी बसलं की दोऱ्यांचा गुंता होतो, असं तुम्हीच सांगत होतात.

न्हावी : मध्ये मध्ये बोलू नकोस, सभेत असं कुणी बोलणार नाही. तर संडास हवा, स्वच्छ. आतून कडी लागेल असा. आरसा असलेला.

बायको : मासे धरायला आरसा?

न्हावी : न्हाव्याला आरशाशिवाय सुचत नाही.

बायको : हं. पुढे?

न्हावी : हात धुवायला नळ आणि वासाचा साबण. हाताला माशाचा वास राहिला की काही काही माणसांना मळमळतं. चहाची टपरीही हवी, पण तिचा धूर बाकाकडे येता कामा नये.

बायको : अहो, धूर मला सोसत नाही. माशाच्या वासानं मळमळतं ते मला. कडी नसेल तर मी पाहुण्यांच्या घरीसुद्धा संडासात जात नाही. हा धक्का गळवाल्यांसाठी बांधताय की माझ्यासाठी?

न्हावी : पकडलीस चोरी.

बायको : मला कशाला तिथे? इतक्या वर्षांत कधी "चल" म्हणाला नाहीत.

न्हावी : मला गळाला गांडूळ लावता येत नाही.

बायको : म्हणजे?

न्हावी : हात गं. पोराच्या हाती दुकान दिलं तेव्हा सगळीकडे सांगत सुटलो, आता निवांत मासे धरणार. खरं म्हणजे एका गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला होता. तो बिचारा काही बोलला नाही, फक्त परत आला नाही. मला वाटलं, गळ टाकायला काय लागतं, काठी धरून बसायचं. पण गळ एवढासा, गांडूळ वळवळणारं, आणि हात हा असा. गांडुळापेक्षा मीच जास्त वेळा गळाला लागलो.

बायको : मग रोज जाऊन करता काय?

न्हावी : रिकामा गळ टाकून बसतो.

बायको : नुसता?

न्हावी : नुसता. माशांनाही कळून चुकलंय, हा गृहस्थ निरुपद्रवी आहे. शेजारचे विचारतात, काय लावलंय आज? मी ऐटीत सांगतो, गुपित आहे. आणि असला माणूस उद्या नगरपालिकेला शहाणपण शिकवणार!

बायको : हसू नका. हात द्या इकडे.

न्हावी : राहू दे.

बायको : द्या म्हणते ना! अगंबाई, किती थरथरतोय. आणि मी म्हणतेय, हा माणूस घरातसुद्धा खिशात हात घालून का हिंडतो! मला वाटलं, ऐट आहे.

न्हावी : ऐटच होती. दुसरं काय उरलं होतं?

बायको : मला वाटायचं, मला चुकवायला जाता तिकडे.

न्हावी : सुरुवातीला तेही होतं.

बायको : आणि आता?

न्हावी : आता तुझा हात हवाय. जन्मभर सुईत दोरा ओवलास, तुला गांडूळ काय जड?

बायको : गांडूळ ओवायला मी येणार नाही. खरं काय ते बोला.

न्हावी : एकट्याला करमत नाही तिथे. आणि भीती वाटते. ही थरथर वाढत गेली तर काठीही धरवणार नाही. मग मी कुठे जाऊ, कुणाजवळ बसू?

बायको : कधी होणार हा धक्का?

न्हावी : नगरपालिका बांधतेय. नातवाचे केस पिकले की होईल.

बायको : म्हणजे तोवर सावली नाही, बाक नाही, काही नाही.

न्हावी : दगड आहेत. त्यातल्या त्यात एक सपाट आहे, तो तुला देईन.

बायको : सकाळी मला उठवा. रोजच्यासारखं हळूच दार ओढून जाऊ नका.