डुकरांची पेज

...नाय, तुम्हीच सांगा, जहाजावरची नोकरी संपवून घरी आलेल्या माणसाने काय करावं? देवळात बसावं, पत्ते कुटावेत! आमच्या ह्यांनी डुकराची पिल्लं आणली! हे म्हणजे दत्ताराम, माझा नवरा. "अगो, बघता बघता वाढतात, गोव्यात मागणी आहे!" मी म्हटलं, मी मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे विकू की ह्यांची घाण काढू? तर म्हणे, "तुला काय करायचंय? मी आहे ना!" मी आहे ना म्हणे... आता मी जाऊ कुठे, सांगा!

पिल्लं नुकती आईच्या दुधावरून तुटलेली, आणि ह्यांनी घातलं काय? हॉटेलातला उरलेला तेलकट रस्सा, नि बंदरावरची माशांची आतडी, तीपण कच्चीच! "खाऊ दे, डुकरंच ती!" खाल्लं हो, मिटक्या मारत खाल्लं! आणि मग जी सगळ्यांना हगवण लागली... शेजारची मथुरा खिडक्या लावून बसली. बरं, खाणं सुटलं नाय, पण अंगाला लागेल तर शपथ! नुसत्या बरगड्या. एक बारकं तर कोपऱ्यात पडलं ते मानच उचलेना. आणि हे? आयुष्यभर वादळं बघितलेला माणूस, पडवीत बसून म्हणतो, "गुणवंती, मरेल गो ते..." डोळ्यांत पाणी! मी गुहागरला लेकीकडे जायला पिशवी घेऊन दारात उभी. आता जाऊ कुठे, सांगा!

ढोरांची डॉक्टरीण आली, रुचिरा. पोरगी चांगली, पण बोलली काय! "काकी, आतड्याचं आतलं अस्तर सोलवटलंय. खाल्लेलं अंगी लागणार कसं, नि वाढणार कशी? हॉटेलचं बंद, कच्चे मासे बंद. औषध देते, मीठ-साखरेचं पाणी पाजा, पातळ पेज थोडी थोडी द्या. पुढे नवीन खाणं एकदम नको, हळूहळू मिसळत न्या." मी ह्यांच्याकडे बघितलं, हे माझ्याकडे... आणि डॉक्टरीणपण माझ्याकडेच! पेज मला येते हे काय माझ्या कपाळावर लिहिलंय?

झालं! लेकीला फोन केला, "सलोनी, उद्या येते गो." "आई, कालपण तू उद्याच येणार होतीस!" काय सांगू तिला? मांडीवर डुक्कर आहे म्हणून? होतंच हो! ते बारकं माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, चमच्याने पेज पाजत होते. ओठ मिटलेले, पेज खाली ओघळतेय. मी म्हटलं, मेल्या, गीळ रे एकदा... आणि गिळलंन्! गिळलंन् आणि माझं बोट चोखायला लागलं! आता उठू कशी? जाऊ कुठे, सांगा!

मग एका सकाळी हे गोठ्यातून ओरडले, "गुणवंतीऽऽ! बाहेर ये! घट्ट झालं गो, घट्ट झालं!" हगवण थांबली म्हणून एवढा ओरडा, अख्खी आळी गोळा! लोकांना वाटलं, लग्न ठरलं कोणाचं. आणि खरं सांगते, त्यानंतर पिल्लांनी जे अंग धरलं... पाठी रुंद, कातडी तुकतुकीत, ते बारकं तर सगळ्यांना ढकलून पुढे!

म्हटलं, सुटले! पुन्हा पिशवी भरली. तोवर दारात गाडी. आत दोन माद्या, दोघीपण गाभण! हे हसतायत, "तुझ्या हाताला गुण आहे गो!"

मी काय करणार? मथुराकडे गेले आणि लग्नाचं मोठं तपेलं मागून आणलं.