धाऊ एकोणसाठ, कमळाकर अठ्ठावन्न

मुरबाड पोलीस ठाणे. तारीख ११ डिसेंबर १९४६, दुपारी तीन वाजता.

नाव गोदू कोम कोंडाजी हरड, विधवा, वय अंदाजे ४५, धंदा भातशेती, राहणार वैशाखरे, तालुका मुरबाड.

जयराम वस्ताद, घोंगड्यांचे दुकानदार, यांनी माझ्याविरुद्ध दिलेली तक्रार मला सांगण्यात आली. त्यावर समक्ष विचारल्यावरून खरे ते सांगते.

मी दर बाजाराच्या दिवशी त्यांच्या दुकानासमोर उभी राहून एक कागद मोठ्याने वाचते, ही गोष्ट खरी आहे. दसऱ्यानंतरच्या बाजारापासून वाचते. भात झोडणीमुळे एक बाजार चुकला. तो पुढच्या बाजारी दोनदा वाचून भरून काढला.

कागद माझा जिंकलेला मुलगा धाऊ, वय २३, याच्या बॉक्सिंगच्या सामन्याचा आहे. धाऊ चार वर्षे पलटणीत होता व तेथे बॉक्सिंग शिकला. त्याचे पहिले पत्र पोस्टमनने साऱ्या आळीसमोर वाचले. ते मला बरे वाटले नाही, म्हणून मी घरच्या घरी अक्षरे जुळवून वाचायला शिकले. गुण कसे देतात, कोणता गुद्दा धरतात, कोणता धरत नाहीत, हे सर्व तो पत्रांतून लिहीत असे. त्यामुळे मला या खेळातले कळते.

गेल्या चैत्रातल्या पुनवेला आमच्या जत्रेत दुपारी चार वाजता धाऊ व आटगावचा कमळाकर यांचा सामना झाला. कमळाकरही पलटणीतून आलेला, अंगाने धाऊच्या दीडपट. जयराम वस्ताद जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच असतात, म्हणून याही सामन्याला तेच पंच. पलटणीतले निवृत्त नाईक महिपत शेलार घड्याळ घेऊन बसले होते व गुण लिहीत होते. तीन मिनिटांचा एक, असे तीन राऊंड, आणि निकाल गुणांवर, असे सर्वांसमोर ठरले होते. राऊंड जिंकणाऱ्याला वीस गुण, दुसऱ्याला त्याहून कमी.

पहिल्या राऊंडात धाऊ मागे सरत राहिला. कमळाकरचा गुद्दा हवेत जाऊ द्यायचा आणि डावा हात सरळ तोंडावर मारायचा, असा त्याचा बेत होता. जड माणसाला चालवून दमवायचे. लोक ओरडले, "पळतोय, पळतोय." पंचाने ओरडू नये, पण वस्तादही ओरडले, "मर्दासारखा उभा रहा रे!" धाऊ २०, कमळाकर १९.

दुसऱ्या राऊंडात कमळाकरने पाठलाग सोडला. कोपऱ्यात दोराला दाबून बरगड्यांवर मारले. धूळ बसावी म्हणून तेथे पाणी मारले होते, त्यावर धाऊचा पाय सरकला व तो पाठीवर पडला. त्या वेळी त्याला गुद्दा लागला नव्हता. नाईकांनी मोजायला सुरुवात करण्याच्या आत तो उभा राहिला. हा राऊंड कमळाकरचा, २० व १९. हे मी कधी नाकारले नाही. बाजारातही तसेच वाचते.

तिसरा राऊंड शेवटचा, म्हणून धाऊने काही राखून ठेवले नाही. एकसारखा पुढे जाऊन मारत राहिला. संपला तेव्हा त्याचे हात खाली लोंबत होते. दोराशी येऊन म्हणाला, "आये, पाणी दे. जिकलो." धाऊ २०, कमळाकर १९. एकूण एकोणसाठ व अठ्ठावन्न.

वस्ताद उठून म्हणाले, "याची पाठ लागली व्हती. पाठ लागली का कुस्ती गेली. तरी मी बरोबरी धरतो. आणखी एक राऊंड."

नाईक म्हणाले, "वस्ताद, ह्यात पाठ नसते. ह्यात पडल्यावर धा मोजतात, तवर उठला का झालं."

"मला शिकवतो का रे? वीस वर्सं लोकांच्या पाठी बघतोय मी."

कमळाकर म्हणाला, "मी हरलो तं हरलो. पुरे करा." लोक म्हणाले, होऊन जाऊ दे.

पंचाचा शब्द मोडायचा नाही, म्हणून धाऊ पुन्हा आत गेला. मी दोराच्या अलीकडेच उभी होते. मी त्याला थांबवले नाही.

चौथ्या राऊंडात त्याचे हात छातीपर्यंतसुद्धा आले नाहीत. तिसरा गुद्दा कानावर बसला. तो पडला तो उठला नाही. तिसऱ्या दिवशी घरी वारला. त्याची चौकशी होऊन अपघात ठरला. कमळाकरबद्दल माझी तक्रार नाही. आषाढात त्याने येऊन माझी लावणी करून दिली.

तेरावे झाल्यावर मी वस्तादांकडे गेले. माझ्या नवऱ्याचे ते तालमीतले सोबती. मी इतकेच मागितले, की धाऊ जिंकला होता हे त्यांनी चारचौघांत सांगावे. ते म्हणाले, "वैनी, मेलेल्याला जिकून काय करायचंय?" त्यानंतर मी नाईकांकडे जाऊन गुणांचा कागद मागून आणला.

मी शिव्या दिल्या हे खोटे आहे. मागच्या बाजारी वस्ताद दुकानातून म्हणाले, "वैनी, घरी जा गो. बाईमानसाला मुठीतलं काय कळतं?" मी म्हणाले, "मला एकोणसाठ नि अठ्ठावन्न कळतं. तुमाला?" तेव्हा सुकट विकणारी भिमी बोलली, "वस्ताद, घोंगडी आंथरा नि पडा बगू, पाठ लागते का नाय ते आमी सांगतो." लोक हसले. हे शब्द भिमीचे, माझे नाहीत. मी हसले, हे मात्र खरे.

वाचणे बंद करण्याचे लिहून देता का, असे विचारल्यावरून सांगते की, देत नाही. वस्तादांनी पुढच्या चैत्रात जत्रेत पंचाच्या जागी उभे राहून धाऊ जिंकला असे बोलावे. त्या दिवशी मी कागद फाडीन.

यातून तुम्हाला काय मिळते, असे विचारल्यावरून सांगते की, दिवाळीनंतर आसपास दोन जत्रा झाल्या. दोन्हीकडे कुस्त्यांना पंच म्हणून वस्तादांना बोलावण्याचा नारळ गेला नाही. दुसऱ्या जत्रेत ते गर्दीत मागे उभे राहून टाचा उंचावून कुस्ती बघत होते. मी पाच कोस चालून ते बघायला गेले होते. पोटभर बघितले. अजून तिसरी जत्रा आहे, तिलाही जाणार आहे.

त्यांच्या दुकानाचे नुकसान होते हे मला माहीत आहे. व्हावे.

हा जबाब शिपाई वाचून दाखवू लागले, तेव्हा मी तो हातात घेऊन स्वतः वाचला. एके ठिकाणी "हरलेला मुलगा" असे लिहिले गेले होते. ते खोडून "जिंकलेला" असे माझ्यासमोर केले व त्या जागी माझी सही घेतली. आता सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. अंगठा देत नाही, खालीही सही करते. याची एक नक्कल मला मिळावी. येत्या बाजारी त्या कागदानंतर हीसुद्धा वाचायची आहे.

सही, गोदू कोंडाजी हरड