पहिला ठोका शून्याचा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या अग्निशमन केंद्राचे प्रमुख, व्यासपीठावरील उपप्रमुख साहेब, आज सेवानिवृत्त होत असलेले आपले भांडारपाल, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आपणा सर्वांच्या वहिनी, आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

मला बोलायला सात मिनिटं मिळाली आहेत. मी वेळ पाळते, हे आपल्याला सांगायला नको. मागच्या रांगेत दोघांनी आत्ताच घड्याळं बाहेर काढली, तीही मला दिसली. काढा. मला पाठीमागे ‘ठोकेबाई’ म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. सव्वीस वर्षं मी या केंद्रात जवानांची क्षमता तपासते, त्यामुळे नाव चुकीचं नाही.

सत्कारमूर्तींविषयी बोलायचं तर आधीच्या वक्त्यांनी त्यांचा नेटकेपणा सांगितला, मितभाषीपणा सांगितला. दोन्ही खरं आहे. भांडारातून हातमोज्यांची एक जोडी सहीशिवाय बाहेर गेली नाही. पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. भांडारात एकोणीस वर्षं बसलेल्या माणसाला आपण सगळे ‘शिडीवाले’ का म्हणतो? नव्या मंडळींना वाटतं, भांडारातल्या शिड्या त्यांच्या ताब्यात असतात म्हणून. तसं नाही. ते उंच शिडीवर सगळ्यात पुढे जाणारे जवान होते. त्यांना भांडारात मी पाठवलं.

आपली वार्षिक चाचणी सर्वांच्या परिचयाची आहे. बारा इंच उंचीची लाकडी पायरी, ताल देणारं यंत्र, मिनिटाला चोवीस वेळा वर-खाली, अशी तीन मिनिटं. मग खाली बसायचं आणि मी मनगट धरून पंधरा सेकंद नाडी मोजायची. हृदय जितकं तयारीचं, तितके ठोके कमी. यावरून माणसाचं शरीर किती प्राणवायू वापरू शकतं, याचा अंदाज येतो. निरोगी माणसांसाठी ही चांगली, स्वस्त चाचणी आहे. पण तो अंदाज असतो. आपण मात्र तो नोंदवहीत शाईने लिहितो आणि त्याखाली ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ लिहून शिक्का मारतो. शिडीवर चढणाऱ्यांसाठी मर्यादा तीस ठोक्यांची. एकतीस झाले की अपात्र. तीन महिन्यांनी आणखी एक संधी, मग बदली.

शिडीवाल्यांचे एकतीस आले. तीन महिन्यांनी पुन्हा एकतीस.

ते तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. मनगट सोडलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “बाई, पुन्हा मोजा.” मी म्हटलं, “आकड्यांशी हुज्जत घालता येत नाही.” दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या खोलीत आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं की, घरी चौथ्या मजल्यावर दोन-दोन बादल्या पाणी हा माणूस चढवतो आणि वर पोचल्यावर भांडायलाही त्याला श्वास पुरतो, मग तो अपात्र कसा? भांडणाची नोंद आमच्या तक्त्यात होत नाही, असं उत्तर मी दिलं. वहिनी, तुम्ही हसता आहात. त्या दिवशी हसला नव्हतात.

असो. या निमित्ताने भांडाराच्या व्यवस्थेचाही उल्लेख करायला हवा. चाचणीची पायरी वर्षभर भांडारात असते आणि मी ती वर्षातून एक आठवडा वापरते. तरीही दर दोन-तीन वर्षांनी तिच्यावरचं रबर झिजलेलं असे. याबद्दल मी भांडारपालांना तीनदा लेखी विचारणा केली. तिन्ही वेळा उत्तर आलं, ‘रबर बदलले आहे.’ झिजलं का, याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडे ती तिन्ही पत्रं आहेत.

आता मुद्द्यावर येते. चार महिन्यांपूर्वी अध्यक्ष महोदयांच्या पुढाकाराने आपल्याकडे छातीला बांधायचे पट्टे आले, नाडी आपोआप दाखवणारे. मी सवयीने हातानेही मोजून पाहिलं. पट्टा प्रत्येक माणसाचे मिनिटाला चार ठोके कमी दाखवत होता. पट्टा सदोष म्हणून परत पाठवला. दुसरा आला, तोही सदोष. तिसऱ्याबरोबर कंपनीने एक बाई पाठवल्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्या पाच मिनिटं माझ्या शेजारी उभं राहून माझी मोजणी पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मॅडम, घड्याळ सुरू करता तो ठोका तुम्ही एक धरता का?”

अर्थात एक धरते, मी म्हटलं. पहिला ठोका म्हणजे एक.

सभागृहात सगळे शिडी चढणारे आहेत, म्हणून त्यांच्या भाषेत सांगते. आपण जमिनीवर उभे असतो, तेव्हा पहिल्या पायरीवर नसतो. पाय उचलून टेकला की पहिली पायरी. ज्या ठोक्यावर घड्याळ सुरू होतं, तो ठोका म्हणजे जमीन. तो शून्य. त्याला एक म्हटलं की पंधरा सेकंदांत एक ठोका जास्त, आणि मिनिटाला चार. ही गोष्ट शिकवताना कुणी सांगितली नव्हती की सांगितली तेव्हा माझं लक्ष नव्हतं, हे आता आठवत नाही. मी लक्ष न देणाऱ्यांतली नव्हते, एवढंच म्हणू शकते. त्याचा उपयोग नाही.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळेत मी सव्वीस वर्षांच्या नोंदवह्या तपासल्या. बहुतेकांना एका ठोक्याने काही फरक पडला नव्हता. दोन्ही वेळा नेमके एकतीस असा एकच माणूस निघाला.

मी भांडारात गेले आणि त्यांना सांगितलं. ते नळ्यांची तोंडं मोजत होते. मोजून झाली, आकडा लिहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वरिष्ठांना पत्र लिहिते, नोंद दुरुस्त करून घेते. त्यावर ते म्हणाले, “बाई, कागद नको. पुन्हा मोजा.”

अट त्यांचीच होती. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला तक्ता सवलत देतो, ती नको. तीसचीच मर्यादा. आणि दिवस नोकरीचा शेवटचा, म्हणजे आज. मी छातीत दुखतं का, चक्कर येते का, सगळं विचारून घेतलं. अध्यक्ष महोदय, हे आपल्या परवानगीविना झालं. पत्र आपल्या टेबलावर आहे, निळ्या फायलीखाली.

आज सकाळी आठ वाजता माझ्या खोलीत यंत्र लावलं. वहिनी दारात उभ्या होत्या. याही वेळी बसल्या नाहीत. तीन मिनिटांत शिडीवाल्यांचा पाय एकदाही तालाबाहेर पडला नाही. ते खाली बसले, मी उजवं मनगट धरलं. त्यांनी स्वतःची बोटं गळ्यावर ठेवली आणि डोळे मिटले. मी शून्यापासून मोजलं. एकोणतीस.

मी आकडा सांगितला. ते म्हणाले, “माझे तीस.”

मला वाटलं, आता यांच्याशीही हुज्जत. मग ते म्हणाले, “मी तुमच्यासारखं एकपासून मोजलं, बाई. तसंही पास.”

मग मी त्यांना चौथ्यांदा, तोंडी, विचारलं की रबर का झिजत होतं. ते म्हणाले, “रोज सकाळी भांडार उघडायच्या आधी तीन मिनिटं. एक ठोका कमी करायचा होता.”

एकोणीस वर्षं. तो ठोका त्यांचा नव्हता. माझा होता.

वहिनी म्हणाल्या, यंत्राची टिकटिक थांबवा आता, डोकं उठलं. मी थांबवलं.

त्या जुन्या नोंदवहीत मी ‘अपात्र’वर रेघ मारून ‘तीस, पात्र’ असं लिहिलं आहे आणि आजची तारीख घालून सही केली आहे. नोंदवही या टेबलावर आहे, ज्यांना पाहायची त्यांनी रांगेने पाहावी. पायरी शिडीवाल्यांना भेट द्यावी अशी माझी सूचना होती. घरात ती ठेवायला जागा नाही, असं वहिनींनी कळवलं आहे. तेव्हा ती इथेच राहील. रबर बदलायला झालं आहे.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्ष महोदयांचे आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे मी आभार मानते. सात मिनिटांहून थोडा जास्त वेळ घेतला, आणि बोलण्यात कुठे चूक झाली असेल, तर त्याबद्दल आपण मला क्षमा करावी. दुसऱ्या चुकीची क्षमा मी सकाळीच ज्यांची त्यांच्याकडे मागितली आहे. शिडीवाले म्हणाले, “बघू.”

उत्तर रास्त आहे. मी वाट पाहीन.