सासूबाई पूल ओलांडत नाहीत

…नाही हो ताई, त्या बाजूने नाही, डाव्या बाजूने चढायचं — तुमच्या डाव्या नाही, घोडीच्या डाव्या. हां. आता हे खोगिराला लोंबतंय ना लोखंडी कडं, ही रिकीब, हिच्यात पाय घाला, आणि हाताने आयाळ धरा, घट्ट धरा, तिला दुखत नाही. एक, दोन — अहो, दोनला चढायचं होतं. परत. एक, दोन — बसलात. बसलात की नाही? आणि तोंड पुढच्या बाजूला आहे, हे तर फारच छान. मागे एक गृहस्थ शेपटीकडे तोंड करून बसले आणि वर मलाच विचारतात, लगाम कुठाय म्हणून. तुम्ही हुशार आहात. मघाशी गाडीतून उतरल्यावर मला हात केलात म्हणे? माझी मुलगी म्हणाली — ती आत ऑफिसात बसलेली, तुमचं नाव लिहून घेतलं ती — म्हणाली, आई, त्या बाई एवढा हात करतायत आणि तू खुशाल पाठ फिरवलीस. मला वाटलं, माशा हाकलताय. रागावू नका.

हिचं नाव? कागदावर कायतरी मोठं राजघराण्यातलं नाव आहे, पण आम्ही सगळे हिला सासूबाई म्हणतो. का म्हणजे? दोन दिवस राहिलात तर कळेल. पाणी जरा कोमट लागतं. खोगीर वाकडं बसलं की मान वळवून असं बघते की आपल्यालाच लाज वाटावी. आणि नाक मुरडते — हसू नका, खरंच मुरडते. पण नवीन माणसाला हीच द्यायची, हा माझा नियम. चौदा वर्षांत एकालाही पाडलं नाही हिने. चला, हेल्मेटचा पट्टा लावलात? दाखवा, मी हात लावून बघते. झालं. हा दोर माझ्या हातात आहे, लगाम तुमच्या हातात आहे, आणि जायचं कुठे ते सासूबाईंच्या हातात आहे. अर्धा तास. जंगलाच्या कडेने ओढ्यापर्यंत, पुलावरून पलीकडे, वळसा घालून परत. याच्यापेक्षा भाजी आणायला जाणं धोक्याचं.

डोळे उघडा, ताई. मला कसं कळलं? अहो, डोळे मिटलेला माणूस श्वास धरून बसतो, ऐकू येतं ना — तुमचा श्वास फाटकापाशी आत गेला तो अजून बाहेर आलेला नाही. सोडा. सोडा तो. एवढे पैसे मोजून आलात — काय म्हणालात? मुलांनी वाढदिवसाला दिलं? बघा, आणि आईसाहेब डोळे मिटून बसल्यात. परत गेल्यावर काय सांगणार त्यांना, काळोख फार छान होता म्हणून? मान ताठ, टाचा खाली, आणि त्या लगामाचा जीव घेऊ नका, तो काही बसचा दांडा नाहीये. हां, असं. असं बसलात की तुमच्यात थोडी ऐट येते. गेली ऐट. असू दे, येईल परत.

एकशे चाळीस, एकशे एक्के — काय? हो, मोजतेच मी पावलं. सवय. फाटकापासून वाकड्या झाडापर्यंत दोनशे दहा, तिथून दगडांच्या उतारापर्यंत नव्वद. काहीतरी चाळा हवा ना माणसाला, एकवीस वर्षं हीच वाट चालतेय. आता डाव्या हाताला एक फांदी येईल, वाका जरा — वाकलात? आली ना फांदी? बघा, मी म्हटलं नव्हतं? माझी मुलगी म्हणते, आई, तू आता ऑफिसात बस, फोन उचल. म्हणजे मी दिवसभर कानाला फोन लावून सांगत बसायचं, नाही हो, घोडा चावत नाही. नाही हो, नव्वद किलो चालतात. नाही हो, मांजर सोबत आणता येणार नाही. हे खरंच विचारलं होतं एकाने. मुलगी चांगली आहे हो. काळजीपोटीच बोलते. तिला म्हटलं, मला काय धाड भरली आहे? तर म्हणते, परवा तू माझ्या चहात मीठ घातलंस. अहो, दोन्ही डबे सारखे. तिनेच आणलेत ते डबे.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ओढा आला की या थांबणार. पुलाच्या तोंडाशी कोवळं गवत आहे आणि सासूबाईंचा त्याच्यावर जीव आहे. नवीन माणूस पाठीवर असलं की हमखास थांबतात, बघतात, ही चालवून घेतेय का. तिथे लाड करायचे नाहीत. थांबली की टाच मारायची — हा माझा पहिला नियम, सगळ्यांना सांगते. जोरात नाही, दारावर बोटाने टकटक करतो ना आपण, तेवढी. एकदा ऐकलं की गुपचूप जाते.

थांबली. बघा, सांगितलं होतं ना? तेच गवत. मारा टाच. अहो, ही टाच झाली का, ही तर गुदगुल्या झाल्या तिला. परत. जरा जोरात. चला सासूबाई, पुरे, पाहुण्यांसमोर शोभा नको. ताई, अजून एकदा — नाही? कान मागे घेतलेत? मला माहीत आहेत हिची नाटकं. थांबा, मीच दोर ओढते. चल. चल गं. अगं चल, म्हातारे — हा घे, खा एक. मानेवर एक चापट दिली, दुसरं काय. चौदा वर्षांत पहिल्यांदा दिली असेल, पण किती ऐकून घ्यायचं माणसाने? पाय रोवून उभी राहिली आहे. असं कधी करत नाही. गवतालाही तोंड लावत नाही. ताई, तुमचे डोळे परत मिटलेत. उघडा. उघडा आणि मला सांगा, समोर काय दिसतंय. पुलावर काही बसलंय का — साप, माकड, काही?

काय नाहीत? नीट सांगा. फळ्या नाहीत? किती नाहीत?

मधल्या चारही.

तुम्ही हलू नका. लगाम सैल सोडा. मी हलत नाहीये, मी इथेच आहे, तुमच्या गुडघ्यापाशी. खाली आठ फूट आहे, आणि पाणी नाही, नुसते दगड आहेत. रात्री वारा होता ना, फांदी पडली असेल. पडली आहे? मोठी? मग तेच. तुम्ही तीन टाचा मारल्यात, मारल्यात म्हणजे मी मारायला लावल्या, आणि मी दोर ओढला, आणि वर एक चापट दिली. आणि ही हलली नाही. आपण तिघी आहोत इथे, ताई, एक डोळे मिटून बसलेली आणि एक मी. बघणारी ही एकटीच.

तुम्हाला कळलंय. नाही नाही, कळलंय. तुमच्यापासून दहा पावलांवर पूल मोडलेला आहे आणि ही बाई म्हणते गवत. हो. दिसत नाही मला. अगदी आंधळी नाही हो, कडेकडेने दिसतं — ते झाड दिसतं, तुमचा बूट दिसतो — पण मधोमध राखाडी डाग आहे, जिकडे बघावं तेवढंच दिसत नाही. तुमच्याकडे बघितलं तर तुम्हाला चेहराच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, कमी होणार नाही, वाढेल. कधी सांगितलं? झाले आता आठ महिने. कोणाला माहीत नाही. तुम्हाला सांगितलं. म्हणजे तुम्हाला आणि हिला, आणि हिला मी सांगायच्या आधीच कळलं असणार, कारण तेव्हापासून ही माझ्याबरोबर हळू चालते. मला वाटायचं, मी हिला नेते.

चला, वळू या. इथून परत गेलो तर वाट अरुंद आहे, पण तुम्ही बोला, मी ऐकते. दगड कुठाय ते सांगा. डावीकडे? किती डावीकडे? बरोबर. आणि आता? मुळं आहेत, बरं. बघा, तुम्ही ताठ बसलात. मला दिसत नाही, पण आवाज वरून येतोय, मघाशी आयाळीतून येत होता. मघापासून श्वासही धरला नाहीत एकदा. एवढं सोपं होतं तर मी आधीच म्हटलं असतं, ताई, मला दिसत नाही, तुम्ही बघा. एकवीस वर्षं लोकांना टाचा खाली, टाचा खाली म्हणून ओरडले, त्याची गरजच नव्हती.

एक विनंती करू? खाली गेल्यावर मुलीला सांगू नका. पुलाचं मी सांगते, तो आजच बंद करायला हवा, ते सांगते मी. माझं सांगू नका. ती म्हणालीच आहे मला, एक जरी तक्रार आली ना आई, तर तू वाटेवर जायचं नाहीस, तुझा दोर मी खुंटीला टांगणार. आणि मग सासूबाईंना दुसरं कोणीतरी धरणार, पाणी गार देणार, खोगीर वाकडं घालणार. मला नाही सहन होणार ते. मी त्या ऑफिसात बसून खिडकीतून काय बघू? खिडकीतूनही मला कडाच दिसणार. तर एवढं करा. तुमचं काय जातंय, तुम्ही काही परत येणार नाही.

येणार? थट्टा करताय माझी. करा, मीपण सकाळपासून तुमची केली.

काल ना ताई, याच वाटेने एक छोटी मुलगी नेली होती मी. सात वर्षांची. फार गोड, सगळं ऐकायची. टाचा खाली म्हटलं की टाचा खाली. मुलं ऐकतात हो. मोठी माणसं घाबरतात, डोळे मिटतात, पण मुलं सांगू ते करतात. आज सासूबाई होत्या म्हणून — पण काल मी तिला सासूबाई दिलीच नव्हती. सासूबाईंच्या नालाचा खिळा सैल होता म्हणून तो तरणा तांबडा घोडा दिला होता. तो तर टाच मारली की कुठेही जातो. काल पूल होता. एवढंच. काल पूल होता.

वाकड्या झाडापाशी आलो ना? हो, सावलीवरून कळलं. दोनशे दहा. मी आता मोजत नाही, तुम्ही आहात.

हां, उतरा. दोन्ही पाय रिकिबीतून काढा आधी, आणि मग घसरा, मी धरते. वा. पाय थरथरतायत? तासाभरात जातं ते, उद्या मात्र जिना उतरताना माझी आठवण काढाल, आणि ती काही चांगली नसेल. आता हा कागद. प्रत्येकाने भरायचा असतो, मुलीचा नियम — घोडा कसा होता, बाई कशी होती, काही सांगायचं आहे का. हा पेन. मी मघाशी म्हटलं ते विसरा. काय लिहा, काय लिहू नका, ते मी सांगणार नाही. मी तोवर हिच्याशी बोलते. चुकलं माझं, सासूबाई. माझ्या खऱ्या सासूला जन्मात कधी म्हटलं नाही मी असं, पण तुम्हाला म्हणते. चुकलं. कुठे लागलं, इथे? इथे का?

बरंच लिहिताय, ताई. पेनचा आवाज येतोय कधीचा. कौतुक एवढं लांब नसतं. नाही, असू दे, लिहा, पूर्ण करा.

झालं? द्या इकडे. विचारणार नाही काय लिहिलंय, आणि वाचता तर येतच नाही. मीच नेऊन देते तिला. हो, माझ्या हाताने. तिला म्हणेन, बाळा, एवढं मला वाचून दाखव. ती विचारेल, का गं आई, तुझं तू वाच की. मग काय, बाकीचं सगळं तिला कळेलच.

जा आता तुम्ही. मुलं वाट बघत असतील. नाही, आत येऊ नका माझ्याबरोबर, ऑफिसची पायरी मला पाठ आहे. आणि ताई — ते हेल्मेट काढून ठेवा आधी, आमचं आहे ते.