एक आत, एक बाहेर

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं, तूच होय. बरं झालं तूच केलास, मघापासून लावतेय तर तुझा आपला सारखा दुसरीकडेच चालू. कुणाशी एवढं… बरं, ते नंतर सांग. आधी ऐक. आलं.

… आलं म्हणजे पार्सल आलं. सफरचंदाचं.

… सफरचंदं नव्हेत गं बाई, ती काय मला पार्सलनं मागवायची आहेत? सोलायचं यंत्र. दांडा फिरवला की साल अशी एका लांब फितीत उतरते, मधला बियांचा गाभा आपोआप बाहेर, आणि फळाच्या चकत्या… हो, हो, तेच. तुझ्या शेजारणीकडचं. एकदा तरी दांड्याला हात लावू दिला का तिनं? 'मोडेल' म्हणे. मी तेव्हाच मनात म्हटलं, थांब बये, माझं येऊ दे.

… नाही, फोडलं नाही अजून. समोर ओट्यावर आहे. दोनदा हलवून पाहिलं, आतून खुळखुळ येतंय. तो दांडाच असणार, सुटा.

… अगं कशी फोडू? नियम आहे ना. … सूनबाईचा, दुसऱ्या कुणाचा? कपाटाच्या दारावर कागद डकवलाय तिनं. मला अक्षरं जुळवायला वेळ लागतो म्हणून मुद्दाम मोठाल्या अक्षरांत. केवढी ती काळजी. एक आत, एक बाहेर. नवं काही आणलं तर आधी जुनं एक जिन्याखालच्या टोपलीत ठेवायचं, ज्याला हवं त्यानं न्यावं. मगच खोकं फोडायचं.

… मी हो म्हटलं खरं. काय करणार, खणाच्या दिवशी माझं तोंडच बंद झालं होतं. … सांगितलं नव्हतं तुला? अगं, मुलाच्या कामावरची माणसं जेवायला आलेली, आणि इकडे मोठा खण उघडेना. बटाटे कुस्करायचं माझं ते जाळीचं आत उभं राहिलेलं, दात रोवून. सगळे चमचे, डाव, सुऱ्या आत. मुलगा ओढतोय, सूनबाई ओढतेय, मी आपली मागून सांगतेय, हळू, त्याचा दांडा वाकेल. शेवटी सुतार आला, त्यानं मागची फळी काढली तेव्हा कुठे खण सुटला. पाहुण्यांनी तोवर हातानं… हस, हस. साहेब होता त्यातला एक.

दुसऱ्या दिवशी कागद.

… तेच तर म्हणतेय, म्हणून तुला फोन लावत होते. सूनबाई औषधाच्या दुकानातून दिवे लागायच्या आत येईल. त्याआधी काहीतरी बाहेर काढायला हवं, नाहीतर हे खोकं रात्रभर असंच, आणि माझा जीव टांगलेला. तू सांग, काय काढू?

… लिंबू पिळायची? का? … तीन कुठे आहेत? एक लाकडी, एक लोखंडी, आणि एक ती बशीवाली. ह्याला तीन म्हणतात का? लोखंडीला दाब जास्त, लाकडीत बी अडकते, आणि बशीवालीवर अर्धं लिंबू असं फिरवलं की मनगटाला बरं वाटतं. तुला तीन मुलं आहेत, टाकतेस त्यातलं एखादं टोपलीत? … धाकट्याला दे म्हणतेस होय? त्याला कुणी उचलायचं नाही गं, संध्याकाळी परत येईल.

… अंड्याचं नाही. ते तारांचं ना? अजिबात नाही. उकडलेलं अंडं ठेवायचं, वरून तारा खाली दाबायच्या, टण्ण असा आवाज येतो. एका दाबात दहा चकत्या, पिवळं जरा हलत नाही. मी कधीकधी अंडं खायचं नसलं तरी… हो, केळं कापते. नुसतं बघायला.

… कांद्याचा चष्मा? … मी पाणबुड्यासारखी दिसते हे मलाही माहीत आहे. दाराशी आलेला गॅसवाला पायरी चुकला होता. पण डोळ्यातून टिपूस नाही, बाई. सगळा जन्म कांद्यापुढे रडण्यात गेला, आता दोन दिवस कोरड्या डोळ्यांनी कापू दे.

… धुतलेली भाजी फिरवून निथळायची टोपली? हां… ती देता आली असती. जागा फार खाते. पण झाकण लावून ते बटण दाबलं की आत कशी गरागरा… नको. एकदा मुलानं त्यात मोजे घालून फिरवलेन. वाळवायला. त्या दिवशी वाढलं नाही मी त्याला. आता त्याची खोड मोडलीय, आणि टोपली चार पाण्यांनी धुतलीय, तर आता का देऊ?

… अगं ऐक ना, हसू नकोस. मी सकाळपासून सगळी मांडून बसलेय ओट्यावर. प्रत्येकाला हातात घेतलं, ठेवलं. चेरीची बी काढायचं ते हातात घेतलं, म्हटलं ह्याला द्यावं, चेरी आपल्याकडे येतात तरी किती. तर नुसतं दाबून पाहिलं, टिचुक. पुन्हा दाबलं. अर्धा तास गेला.

तू एक कर. तू घे काहीतरी. म्हणजे बाहेरही गेलं आणि घरातही राहिलं. … तुला काय हवं, तू सांग. शेंगांच्या शिरा काढायचं नेतेस?

… मग?

… काय म्हणालीस?

… आईची भिंगरी? अंडी फेटायची?

…

नाही, आहे, ऐकतेय. लाईन नाही गेली.

… हो, वापरत नाही मी. दात झिजलेत तिच्या चाकाचे. फिरवताना मध्येच निसटते, कट्ट करते. … ते खरं आहे. वरच्या फळीवरच असते. … पण अगं, अंडी फेटायला आता विजेचं आहे ना तुझ्याकडे? माझ्याहून चांगलं आहे. … मग भिंगरीच कशाला?

… हो, आठवतंय की. आई चुलीपाशी, आणि आपण दोघी उंबऱ्यावर. मी दांडा फिरवायचे, तू वाटी धरायचीस.

… मी तुला एकदाही… छे. एकदा तरी दिली असेन. … नाही? एकदाही? … अगं तू सांडलं असतंस. … बरं, बरं. नसतं सांडलंस.

… नाही, लागलं नाही मला. जन्मभर वाटीच धरलीस हे खरंच आहे. मोठी म्हणून माझ्याकडेच आली ती, तुला कुणी विचारलंच नाही.

थांब. धर जरा. स्टूल ओढते. … अगं पडत नाही, फोन खांद्यात धरलाय. तू बोलू नकोस म्हणजे झालं. … चढले. … टोपलीत नाही जाणार ती, तुझ्याकडे जाईल. नियमात बसतं. बाहेर ते बाहेर. … हां, मिळाली. अगं बाई, मुठीचा लाल रंग अजून आहे बघ थोडा, आईच्या अंगठ्याच्या जागी तेवढा…

…

थांब.

… नाही, पडले नाही. भिंगरीच्या मागे काहीतरी आहे. खोकं आहे. … माझं नाही. माझी खोकी मला अंधारात ओळखू येतात. … चित्र आहे ना वर, अक्षरं कशाला हवीत? पिठाचं यंत्र. वरून गोळा घालायचा, दांडा फिरवायचा, खालून पातळ पट्ट्या.

अगं, हे तर ते. … ते गं, दुकानात मी हात लावला होता तर सूनबाई म्हणाली, 'आई, जागा कुठे आहे?' मला. सगळ्यांसमोर. मी मुकाट्यानं परत ठेवलं. आणि स्वतः नंतर एकटी जाऊन… आणि लपवलंय कुठे बघ. आईच्या भिंगरीमागे. तिला ठाऊक, सगळं घर हलेल पण म्हातारी ती जागा हलवायची नाही.

… धूळ आहे वर, बोट उमटतंय. म्हणजे बरेच दिवस झाले. … नाही ना. चिकटपट्टीसुद्धा तशीच आहे. … अगं, फोडलेलं नाही. नियम ना. एक बाहेर टाकायला हवं, आणि तिलाही टाकवेना. आईशप्पथ. माझ्याच कपाटात, माझ्याच रोगानं आजारी, आणि मला औषध देतेय.

… चिडू? मी कशाला चिडू? मी तर म्हणते, घरात एक माणूस तरी आपल्यातलं निघालं. मुलगा गेला बापावर, एक सुरी आणि एक ताट दिलं की ह्यांचा संसार झाला. मला वाटायचं, माझ्यामागे हे सगळं जिन्याखालीच जाणार.

… खाली उतरले. दोन्ही खोकी शेजारी शेजारी मांडते. बघू दे तिला. मी काही बोलणारच नाही. … तू बघ, नाहीच बोलणार.

… आली वाटतं. किल्ली वाजली. … धर, धर, फोन ठेवू नकोस, ऐक.

ये गं. काही नाही, मावशी आहे फोनवर. पाय धू.

… दिसलं तिला. … उभी राहिलीय. … पर्स खांद्यालाच आहे. … नाही, मी गप्प आहे, ऐकतेयस ना? … लाल झालीय. कानापर्यंत.

काय? … अगं सूनबाई, मी कुठे काय म्हटलं? आपोआप खाली आलं ते. … हो, दोन आत येतायत. मग दोन बाहेर काढ तू. … तू काढ की, नियम तुझा. … ते नको म्हणतेस? तारांचं? का, तुलाही आवडतो आवाज?

… ऐकतेयस ना तू? माझ्या माघारी केळी कापते म्हणे. आणि तारांना मुंग्या लागल्या की मी आपली मुंग्यांनाच दोष देत होते.

… कपाटाकडे गेली. … कागद काढतेय. कोपऱ्यातून सोलतेय अलगद, रंग निघू नये म्हणून. … चुरगळला. … दारातून भिरकावला. … गेला, गेला खाली टोपलीत. घ्या, ज्याला हवा त्यानं.

… तुझी भिंगरी? ती कुठे जातेय, माझ्या मांडीवर आहे. तुझीच आहे. … नियम गेला म्हणून काय झालं? नियमासाठी देत नव्हतेच मी. … रडतेस काय, कांदा आहे का तिकडे? रविवारी ये. अंडी आणून ठेवते. … तू फिरव. कट्ट झाली तर हात सोडायचा नाही, तशीच पुढे रेटायची. … हो गं, मी धरते वाटी. धरेन म्हटलं ना. सांडलंस तर मात्र…

एक मिनिट. ए सूनबाई, कात्री कुठे नेतेस? … ते नव्हे. ते माझं. तुझं ते धुळीचं. … अगं, दांडा सुटा आहे आत, सावकाश… ठेवते गं, ठेवते, फोडलंन तिनं—