ओरिजिनल फाइल

तेजस : आई, इथे कुठे वळू? पुढे गल्ली बंद आहे.

शैला : तुला बरं माहीत. आत्ता तर म्हणालास, कर्वेनगरात कधी येणंच होत नाही.

तेजस : बोर्ड दिसला असेल कुठेतरी.

शैला : बोर्ड नाहीये. त्या शटरपाशी थांब. ‘पॉवर ॲकॅडमी’. आपल्या गाडीच्या मागच्या काचेवर हेच चिकटवलंय. मी समजत होते, नातवाने कुठला क्लास लावलाय.

पियुष : अरे, तेजसदादा! या, या. स्टेज टू करायचं का? अजून पॉवर वाढेल.

तेजस : पियुष, ही माझी आई.

शैला : नमस्कार. गाडी माझ्या नावावर आहे. बंपर बदलायला टाकली होती. सर्व्हिस सेंटरमधून मला फोन आला, इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम कंपनीचा नाही म्हणून. मग कोणाचा, ते विचारायला आले.

पियुष : आपलाच, काकू! रीमॅप म्हणतात. कंपनी काय करते, इंजिनला झोपवून ठेवते. आपण लॅपटॉप लावून फक्त जागं करायचं. ऑटोमॅटिकमध्ये तर मजाच वेगळी. नुसता पाय टेकवला की गाडी उडते.

शैला : उडाली. सोसायटीच्या गेटवर.

पियुष : म्हणजे?

शैला : माझा डावा गुडघा गेला, क्लच दाबवेना, म्हणून ही गाडी घेतली. झोपलेली होती म्हणूनच घेतली. पार्किंगच्या चढावर नुसता पाय टेकवायचा, की मुकाट्याने वर यायची. त्या मंगळवारी तसाच टेकवला, आणि आमच्या वॉचमनची खुर्ची गेटमध्ये चेपली. धोंडिबा पाणी प्यायला उठला होता, म्हणून नुसती खुर्चीच.

तेजस : आई, घरी बोलू.

शैला : घरी तूच बोललास. ‘वय झालं आई, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबलास.’ मी विश्वास ठेवला. हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या बँका चालवतो मुलगा, खोटं कशाला बोलेल? सोसायटीने तर बोर्डच लावला : ‘साठी ओलांडलेल्या सभासदांनी वाहन स्वतःच्या जबाबदारीवर चालवावे.’ बाकीच्यांचं कोणाच्या जबाबदारीवर चालतं, ते लिहायचं राहिलं.

पियुष : सॉरी काकू, मला खरंच...

शैला : ऐका, तुमच्या ॲकॅडमीला उपयोगी पडेल. मी डोळे तपासून घेतले. पायाच्या नसा तपासून घेतल्या. मग विसरभोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं मला याने. शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाले.

तेजस : तू सगळं बरोबर सांगितलंस ना पण.

शैला : दोनपर्यंत आले. जन्म बँकेत गेला माझा. तरी किल्ली तुझ्याच खिशात. कात्रजला मुक्ता अंथरुणाला खिळलीय. दर मंगळवारी बहिणीकडे जायचे मी, आता दोन महिने नुसता फोनवर आवाज ऐकतेय.

तेजस : रविवारी सोडतो म्हणालो होतो.

शैला : लोणावळ्याहून वेळेत परतलास तर.

तेजस : अगं, रीमॅपमुळेच झालं असं कशावरून? मला तरी कुठे खात्री होती?

शैला : पियुष, जुना प्रोग्राम फेकून दिलात का?

पियुष : छे छे! ओरिजिनल फाइल प्रत्येकाची ठेवतो. परत टाकायला चहा होईपर्यंतचा वेळ. मी दादांना तेव्हाच म्हटलं होतं.

तेजस : पियुष.

शैला : केव्हा?

पियुष : आले होते ना मध्ये एकदा. हळू चालवताना उडी मारते का, विचारत होते. मी म्हटलं, मारणारच. घरात कोणी मोठं माणूस चालवत असेल तर जुनी फाइल टाकून देतो. तर म्हणाले, राहू दे, आई आता चालवणार नाहीये.



शैला : धोंडिबाला तू नवी खुर्ची आणून दिलीस. मला वाटलं, माझी चूक पोरगा निस्तरतोय.

तेजस : आई...

शैला : टाका ती फाइल, पियुष.

पियुष : हो, काकू. लगेच. ...हां, झालं. आता पहिल्यासारखी झोपाळू.

शैला : किल्ली.

तेजस : ऑफिसं सुटलीत, ट्रॅफिक असेल. आज मी चालवतो.

शैला : दुसरी किल्ली कुठे आहे?

तेजस : नम्रताकडे.

शैला : म्हणजे बायकोलाही सांगून ठेवलंस, सासूच्या हाती देऊ नकोस. आण ती तुझ्याकडची इकडे. मागे बस. आधी कात्रजला जाऊ.

तेजस : आत्ता?

शैला : आत्ता. आणि शंभरापासून सुरू कर.

तेजस : काय?

शैला : सात-सात वजा करत ये. मोठ्याने.

तेजस : आई, प्लीज.

शैला : मी गाडी सुरू केलीय, तेजस.

तेजस : ...त्र्याण्णव.