हात सोडलेला भाऊ

मंडळी, जवळ सरकून बसा. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. जिंकणाऱ्या माणसाला थांबायचं कधी, हे कळतं का? हरणाऱ्याचं मी विचारत नाही. मी विचारतोय वरचढ झालेल्याचं. हात चालतोय, जीभ चालतेय, समोरचा मागं मागं सरकतोय — अशा वेळी आतून कोणी सांगतं का त्याला, की बाबा, आता पुरे?

लगेच माना हलवू नका. आधी ऐका.

कराडात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, मेहबूबभाईंचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. कपाटाएवढी लाकडी मशीनं, वर काच, काचेत दोन पैलवान. डाव्या हाताला दांडा, उजव्या हाताला बटणं. दोघांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि आपापला पैलवान लढवायचा. आज्जी हसताय? तुमचे नातू काय करतात घरात, विचारा की!

या खेळात एक करामत होती. एक लाथ बसली, की समोरचा सावरायच्या आत ठोसा, ठोसा बसतोय तोवर दुसरा, त्याला जोडून तिसरा. पोरं त्याला कॉम्बो म्हणायची. गणपतराव, जरा मृदंगावर एक तुकडा वाजवा बरं — हां. ऐकलंत? बोलातून बोल निघाला, मधे श्वासाला जागा नाही. तसा मार. कोपऱ्यात सापडलेल्या पैलवानाला हातसुद्धा उचलता येत नाही.

त्या दुकानात दोन भाऊ यायचे. थोरला अच्युत बेडेकर, एका औषध दुकानात कामाला. धाकटा श्रीरंग, कॉलेजात. दांडा कसा धरायचा हे श्रीरंगला शिकवलं अच्युतनंच. आणि दुकानात मान अच्युतला. तो आला की पोरं बाजूला व्हायची. "अच्युतदादा, या, तुम्ही खेळा."

त्या भाद्रपदात अच्युतचं ठरलेलं लग्न मोडलं. साखरपुडा झालेला, आणि मुलीकडच्यांनी नाही म्हणून कळवलं. कारण सांगितलं नाही. गावाला कारण लागतं, मंडळी. दुकानात औषध घ्यायला येणारा विचारायचा, देवळात पुजारी विचारायचा. अच्युत म्हणायचा, "जमलं नाही." एवढंच. एका मेहबूबभाईंच्या दुकानात कोणी विचारत नव्हतं. म्हणून तो तिथं जास्त जायला लागला.

इकडं श्रीरंगला एक नवी साखळी, म्हणजे नवा कॉम्बो, सापडली होती. कोपऱ्यात गाठायचं, मग सुटका नाही. रोज घोकून त्यानं ती हातात बसवली. मनात पाप नव्हतं हो त्याच्या. पहिल्यांदा दादालाच दाखवायची, एवढाच उत्साह.

रविवारी दुपारी दोघं उभे राहिले. भोवती गर्दी. श्रीरंगनं दादाच्या पैलवानाला कोपऱ्यात नेलं आणि सुरू झाला. लाथ, ठोसा, ठोसा, लाथ. पैलवान उठतोय, पडतोय, उठतोय, पडतोय. पहिला डाव गेला. दुसऱ्या डावात पुन्हा तोच कोपरा. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "अच्युतदादाला इथंबी नकार."

दुकान हसलं. श्रीरंगनं ते ऐकलं. आणि मंडळी, हसू त्यालाही आलं. हात थांबला नाही.

डाव संपला. अच्युतनं सायकल काढली आणि निघून गेला. श्रीरंगच्या पाठीवर थापा पडत होत्या, पुढचा गडी उभा राहिला होता. तो खेळत राहिला.

संध्याकाळी घरी आला तर आई दारात.

"दादा कुठाय?"

"आला नाही?"

"दुपारी जेवायलाही आला नाही. तुझ्याबरोबर होता ना?" मग हळूच म्हणाली, "सकाळी त्यानं साखरपुड्याची अंगठी काढून देव्हाऱ्यात ठेवली रे. मला काही बोलला नाही."

श्रीरंग तसाच उलट्या पावली निघाला. चपला घातल्या, नाही घातल्या, कळलं नाही. औषधाचं दुकान बंद. वाचनालयात नाही. स्टँडवर एकेका गाडीच्या खिडकीत डोकावला, नाही. पेरू विकणारी एक बाई म्हणाली, "बेडेकरांचा ना? संगमाकडं गेला. सायकल हातात धरून चालला होता. मी हाक मारली, बघितलं नाही त्यानं."

संगमाकडं. कृष्णा-कोयना दोन्ही भरून चाललेल्या. गढूळ पाणी, पायऱ्या बुडालेल्या. तुम्हाला सांगतो, त्या रस्त्यानं पळताना त्याच्या कानात एकच वाक्य वाजत होतं — इथंबी नकार, इथंबी नकार. आणि आपलं हसणं.

घाटावर पोचला. सायकल झाडाला टेकवलेली. कुलूप नाही. माणूस नाही. पाण्याकडं बघायचं धाडस होईना आणि नजर तर पाण्यावरच.

"श्री?"

मागून आवाज आला. अच्युत देवळाच्या नळावर तोंड धुऊन येत होता. ओल्या हातानं केस मागं सारत म्हणाला, "पळत आलास? काय झालं? आई बरी आहे ना?"

बघा मंडळी. पहिला प्रश्न आईचा.

श्रीरंग तिथंच खाली बसला. म्हणाला, "दादा, मी हसायला नको होतं."

"ते सगळेच हसले." अच्युत शेजारी बसला. "दुसऱ्या डावात मी हात सोडून दिले होते. कळलं तुला?"

"कधी?"

"मागून तो बोलला तेव्हा. दांडा सोडला, बटणं सोडली. म्हटलं, श्री बघेल आता. थांबेल. तू मारतच होतास."

श्रीरंगला आठवेना. खांद्याला खांदा लागलेला, पण डोळे काचेवर. समोरचा पैलवान उठत नाही, याचा त्याला आनंद होत होता. तो का उठत नाही, हे विचारायला वेळ नव्हता.

दोघं सायकल हातात धरून चालत घरी आले. आईनं दोघांना वाढलं. अच्युत जेवला, हे मी मुद्दाम सांगतो, कारण ती माउली तेवढंच बघत होती. पुढं कधीतरी दोघं पुन्हा त्या मशीनपुढं उभे राहिले. श्रीरंग सारखा मान वळवून दादाच्या हातांकडं बघायचा. असं बघत खेळलं की हरायलाच होतं. तो हरला, आणि अच्युत मोठ्यानं हसला. किती तरी दिवसांनी.

आता तुम्ही घरी जाल. कोणाची सून चुकलेली असेल, कोणाचा मुलगा नापास झालेला असेल, कोणाचा भाऊ बांधावरून काही बोललेला असेल. तुमचं खरं असेल, मी म्हणतो शंभर टक्के खरं असेल. एक शब्द जाईल, त्याला दुसरा जोडला जाईल. समोरचं माणूस गप्प होईल, आणि तुम्हाला वाटेल, जिंकलो.

तेव्हा एकदा मान वळवा. त्यानं हात कधीच सोडले असतील. तो वाट बघत असेल, तुम्ही बघाल म्हणून.

आणि तो घाटावर जायच्या आत बघा. प्रत्येकाला नळावरून परत आलेला भाऊ भेटतोच असं नाही. देवाचं नाव घ्या, आणि आज सरळ घरी जा.